कळकलेलं सरबत

"कळकलंय," सून म्हणाली आणि हातातला चमचा तिने ओट्यावर उपडा ठेवला.

सकाळची घाईची वेळ. दारात टेम्पो उलटा लावलेला, इंजिन धडधडतंय, आचारी बर्फाच्या लाद्या गोणपाटात गुंडाळतोय आणि हिला आत्ता कळकल्याची चव लागली! तिच्या नवऱ्याने कपाळाला हात लावला.

"काय कळकलंय?"

"लिंबाचा रस. तोंडात नाणं धरल्यासारखं लागतंय. घशात अडकून राहतंय."

"लिंबू आणि मीठ आहे ते. अजून साखरेचं पाणी पडायचंय, बर्फ पडायचाय. आत्ता नुसता रस चाखलास तर तोंड वाकडं होणारच. तुला काय कळतंय कळकलेलं?"

"कळकलेलं कळायला शाळेत जावं लागत नाही. तांब्याच्या भांड्यात आंबट राहिलं की कळकतं. आमच्याकडे असलं दही मांजरासमोर ठेवलं, तर मांजर आमच्याकडे बघून निघून गेलं होतं."

आचारी फिसकन हसला आणि लगेच गप्प झाला, कारण बाई आत आल्या होत्या.

घरात त्यांना आई म्हणत, कामावरची माणसं बाई म्हणत आणि पाठ वळली की सगळेच जीभ म्हणत. ते त्यांच्या कानावर होतं आणि त्यांना त्याचा राग नव्हता. लोकांच्या जेवणाची कंत्राटं घेणारं हे स्वयंपाकघर उभं राहिलं होतं ते त्या जिभेवरच. बोलायला ती अशी की उधारी बुडवणारा वाणी रस्ता बदलायचा, आणि चवीला अशी की पातेल्यात मीठ कुणाच्या हाताने पडलं हे त्या सांगायच्या. नियम एकच होता आणि तो त्यांनीच घातलेला होता. बाईंनी चाखून "जाऊ द्या" म्हटल्याशिवाय या दारातून काहीही बाहेर जायचं नाही.

आणि गेल्या थंडीतल्या तापापासून त्या जिभेला काहीही कळत नव्हतं.

गरम कळायचं, गार कळायचं, मिरचीचा चटका बसायचा. पण मीठ, साखर, आंबट, करपलेलं, सगळं एकजात ओल्या फडक्यासारखं. चार दिवसांत येईल म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नाही. चारचे चाळीस झाले, तसं मग सांगायची सोयच राहिली नाही. त्या चमचा तोंडाशी नेत, डोळे मिटत आणि मिटता मिटता समोरच्या माणसाचा चेहरा वाचत. आचाऱ्याची डावी भुवई वर गेली की मीठ जास्त. मुलगा चमचा चाटून पुसून ठेवायला लागला की सगळं बरोबर. एवढ्यावर त्यांनी इतके महिने निभावून नेलं होतं. त्यातही एकदा करपलेल्या दुधाला "आज छान आटलंय" म्हणून मोकळ्या झाल्या होत्या. आचाऱ्याने ते टोमणा समजून कान पकडले, म्हणून त्या वाचल्या.

"काय चाललंय?" बाईंनी विचारलं.

"हिला रस कळकल्यासारखा लागतोय," मुलगा म्हणाला. "तूच बघ आणि सांग एकदाचं. शाळेचं मैदान काय जवळ आहे? उन्हात पोरं धावून येणार, त्यांच्या हातात वेळेवर ग्लास पडायला हवा."

रस होता हत्तीत. हत्ती म्हणजे तांब्याचा हंडा. पोट एवढं की आत माणूस उकिडवा बसेल, आणि वर गळा अरुंद. मुलाने केव्हाच स्टीलची पिंपं आणली होती, पण गारवा हत्तीतच राहतो यावर बाई अडून बसलेल्या. लिंबं काल दुपारीच पिळली, त्यात मीठ कालवलं आणि रस रात्रभर हत्तीत मुरत ठेवला. अगदी गळ्यापर्यंत.

हत्ती नुकताच कल्हई होऊन आला होता. कल्हईवाल्याने भांडं आणून टाकलं की बाईंची एक रीत होती. लिंबाची फोड घ्यायची आणि हात आत घालून सगळीकडून फिरवायची, त्यातही गळ्याखालच्या खांद्याला. तिथे वरून बघणाऱ्याची नजर जात नाही आणि कल्हईवाल्याचा हातही जायला कंटाळतो. मग ती फोड जिभेला लावायची. कुठे कल्हई सुटून तांबं उघडं राहिलं असेल तर जिभेला ते लगेच कळतं. याच रीतीने त्यांनी त्या कल्हईवाल्याला दोनदा हंडा डोक्यावर घेऊन परत पाठवलं होतं, आणि वरून पाणीही विचारलं नव्हतं. या वेळीही फोड फिरवली, जिभेला लावली. ओलं फडकं. "झाली चांगली, घ्या आत," म्हणाल्या.

आता चमचा पुन्हा त्यांच्या हातात होता. त्यांनी तो तोंडाशी नेला. गार. थोडं झिणझिणलं. बस.

डोळे मिटता मिटता त्यांनी चेहरे पाहिले. मुलगा घड्याळाकडे बघत होता. आचारी गोणपाटाकडे. सून सरळ त्यांच्याकडे. सुनेचा चेहरा बाईंना कधी वाचता आला नव्हता, कारण तो वाचायची गरज त्यांना आजवर पडली नव्हती.

कळकलं म्हणावं, तर रस ओतून द्यावा लागणार. इतकी लिंबं आता आणायची कुठून? आणि पुढचा प्रश्न येणार, हत्ती पास कुणी केला? जिभेला कसं कळलं नाही? त्या प्रश्नाच्या पुढे काय आहे ते बाईंना स्वच्छ दिसत होतं. भिंतीकडेची खुर्ची, मांडीवर भाजी निवडायची परात आणि "आई, तुम्ही बसा हो आता."

"पिळताना साली दाबल्यात कुणीतरी," त्या म्हणाल्या. "त्याचा कडवटपणा आहे. जाऊ द्या."

"आई, एकदा परत घ्या ना," सून म्हणाली.

"मी एकदाच घेते. ज्यांना पहिल्या चमच्यात कळत नाही, त्यांनी परत घ्यावं."

आचारी पुन्हा हसला. या वेळी त्याला हसायची परवानगी होती. सुनेने ग्लासांच्या पेट्या उचलल्या आणि टेम्पोत नेऊन ठेवल्या, जरा जोरातच.

मैदानावर ऊन मी म्हणत होतं. पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारून धावायच्या पट्ट्या आखलेल्या, कडेला कापडी मांडव आणि मांडवाखाली यांचं टेबल. मुलाने हत्तीतून रस काढून पिंपात घातला, त्यात साखरेचं पाणी, साधं पाणी, बर्फ. आचारी लांब डावाने ढवळत होता. ढवळून होतं न होतं तोच खेळाचे मास्तर शिट्टी गळ्यात अडकवून आले.

"आजी, आधी मला. पहाटेपासून पोटात काही नाही."

एक ग्लास त्यांनी घटाघटा घेतला, दुसरा जरा दमाने. "व्वा!" म्हणाले आणि तोंड पुसत गेले. बाईंनी सुनेकडे पाहिलं. बघ म्हणावं. सून टेबलामागे ग्लास विसळत होती. मान वर केली नाही.

बाईंना राहवेना. त्या तिच्याजवळ गेल्या.

"तोंड कशाला सुजवलंयस? मास्तरांनी दोन ग्लास घेतले, पाहिलंस ना?"

"पाहिलं."

"मग?"

सुनेने ग्लास खाली ठेवला. "आई, मी चिमणीला सांगून आलेय. शर्यत झाली की नळाचं पाणी पी. सरबताला हात लावू नकोस."

चिमणी म्हणजे नात. तिसऱ्या पट्टीत, लाल मोज्यांत उभी होती.

"माझ्या हातचं पिऊ नको म्हणून सांगितलंस? माझ्या नातीला?"

"तुमच्या हातचं नाही. त्या हंड्यातलं." सुनेचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "आणि आपलं एक पोर बाजूला काढून बाकीच्यांना ग्लास विसळून देतेय, म्हणून माझं तोंड सुजलंय. झालं समाधान?"

आजवर बाईंना अनेकांनी उलट उत्तरं दिली होती. पण पोराला त्यांच्या अन्नापासून लांब ठेवणारं कुणी भेटलं नव्हतं.

"थांब," त्या म्हणाल्या. "आत्ता दाखवते तुला. सगळ्यांदेखत दाखवते."

त्यांनी पेटीतून स्टीलचं एक ताट ओढलं आणि तरातरा हत्तीपाशी गेल्या. रस आता गळ्याखाली उतरला होता. त्यांनी ताट आत घालून तिरकं धरलं. आरशासारखं. मांडवाच्या कडेचं ऊन ताटावर पडलं आणि उलटून खांद्याच्या आतल्या बाजूला गेलं.

आधी कल्हईचा राखाडी पांढरा रंग दिसला. ताट जरा फिरवलं. मग तो दिसला. खांद्याच्या आत, गोल फिरलेला, बोटभर रुंदीचा लाल पट्टा.

नुसता लाल नव्हे. लखलखीत. गुलाबी.

बाई ताट तसंच धरून उभ्या राहिल्या. कल्हईवाल्याकडून आलं तेव्हा हे भांडं जाळावरून उतरलेलं होतं. तिथे तांबं उघडं राहिलंच असेल, तर ते काळं असणार. भट्टीतून आलेलं तांबं काळंच असतं. ते असं नव्या नाण्यासारखं कशाने झालं? अख्खा जन्म त्यांनी तांब्याची भांडी घासली होती. कशाने घासायची? लिंबाच्या फोडीवर मीठ घ्यायचं आणि चोळायचं. काळं निघून येतं, फोड हिरवट होते, ती आपण लांब फेकतो. फोड कुणी खात नाही.

इथे फोड फेकली नव्हती. रात्रभर लिंबा-मिठाने हंडा घासला होता, आणि घासलेलं ते सगळं पिंपात, साखर घालून, बर्फ घालून तयार होतं.

बाईंच्या हातातलं ताट खणकन हंड्यावर आपटलं.

तेवढ्यात शिट्टी झाली. लांब, मग तुटकी. शर्यत सुटली होती. कडेने उभ्या पोरांचा आरडाओरडा उठला. पट्ट्यांमधून धूळ उडाली आणि त्या धुळीतून पोरं येऊ लागली. पहिली आलेली तशीच न थांबता मांडवाकडे वळली. मागून बाकीची. आचारी पटापट ग्लास भरून टेबलावर मांडत होता, कौतुकाने, रांगेत.

"थांबव," बाई म्हणाल्या. मग ओरडल्या. "अरे, थांबव!"

"काय झालं?" मुलगा म्हणाला.

बाई टेबलापुढे जाऊन उभ्या राहिल्या, दोन्ही हात पसरून. पहिलं पोर त्यांच्या पोटावरच आपटलं.

"कुणी ग्लासाला हात लावायचा नाही! लावलात तर बोटं मोजून घेईन एकेकाची!"

पोरं जागच्या जागी थबकली. मागची पुढच्यांवर आदळली.

"आई, काय चालवलंयस?" मुलगा दबक्या आवाजात म्हणाला. "लोक बघतायत. तहानलेली पोरं आहेत."

"हंडा कळकलाय. गळ्याखाली कल्हई नाही. ओतून दे."

"सकाळी तूच तर चाखलंस! सालींचा कडवटपणा म्हणालीस."

"म्हणाले."

"मग आत्ता कुठून कळकला? आता तुलाही हिच्यासारखं व्हायला लागलं का? हे घे, परत चाख." त्याने ग्लास पुढे केला. "चाख आणि सांग."

बाईंनी ग्लासाकडे पाहिलं. चाखल्याचं नाटक करायचं, थू करून टाकायचं, "आत्ता कळकलं, उन्हाने कळकलं" म्हणायचं. एवढंच करायचं होतं. जीभही वाचली असती आणि पोरंही. त्यांनी ग्लास हातात घेतलासुद्धा. मग मुलाच्या मागे त्यांना सून दिसली. तिसऱ्या पट्टीतल्या पोरीला तिने खांद्याला धरून उभं केलं होतं, आणि ती बाईंच्या तोंडाकडे बघत होती. चमचा चाखताना इतके दिवस त्या ज्या नजरेने दुसऱ्यांचे चेहरे वाचत होत्या, त्याच नजरेने.

हिला माहीत आहे, बाईंच्या लक्षात आलं. केव्हापासून, कोण जाणे.

"मला चव येत नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे येत नाही! तापानंतर गेली. या ग्लासात तू चिखल कालवून दे, मी गार आहे म्हणेन. झालं? आणखी मोठ्याने सांगू? आचाऱ्या, तुला ऐकू आलं ना? नाहीतर उद्या परत विचारत येशील."

आचाऱ्याच्या हातातला डाव पिंपात बुडला. मुलाचं तोंड उघडं राहिलं. या स्वयंपाकघरातून थंडीपासून बाहेर गेलेलं प्रत्येक पातेलं त्याच्या डोळ्यांपुढून जात असावं.

"तोंड मिट आणि पिंप उलटं कर," बाई म्हणाल्या. "हंडाही. घरी गेल्यावर काय बोलायचं ते बोल."

दोघांनी मिळून पिंप मांडवाबाहेर रिकामं केलं आणि मग हत्ती आडवा केला. घट्ट, हिरवटसर रस भसाभसा बाहेर आला, उतारावरून घरंगळला आणि शर्यतीच्या शेवटच्या रेघेला जाऊन भिडला. फक्कीची ती पांढरी रेघ फसफसायला लागली. बुडबुडे आले, फेस आला आणि रेघ मधोमध विरघळून गेली. कुरकुर करणारी पोरं तहान विसरून तिथे वाकली. "जळतंय, जळतंय!" एकाने आरोळी ठोकली. त्यांना नळाकडे पिटाळता पिटाळता सुनेचा घसा बसला.

मास्तर मांडवामागे सापडले. झाडाला धरून ओकत होते.

शाळेच्या नर्सबाई धावत आल्या. त्यांनी डॉक्टरांना फोन केला, उरलेला एक ग्लास झाकून बाजूला ठेवायला सांगितला आणि मास्तरांना सावलीत बाकावर आडवं करून घोट घोट पाणी पाजलं. बराच वेळ त्यांचा चेहरा त्या रसाच्याच रंगाचा होता. बाई उशाशी उभ्या राहून पुठ्ठ्याने वारा घालत होत्या. कुणी सांगितलं नव्हतं. हात थांबला तर काय होईल, असं त्यांना वाटत होतं. रिकाम्या पोटी दोन ग्लासांनी एका गड्याची ही दशा. ती लाल मोज्यांची पोर केवढीशी, बाकीची केवढीशी.

डॉक्टर आले, त्यांनी तपासलं आणि पोटात नळी घालायची गरज नाही, औषध देतो, इथेच पडून राहू द्या म्हणाले तेव्हा कुठे बाईंनी हात बदलला.

मग मुख्याध्यापिका आल्या. "याला जबाबदार कोण? बोलायचं कुणाशी?"

मुलगा खाली बघू लागला. सून पुढे झाली. "कल्हईवाल्याने हंडा नीट..."

"माझ्याशी बोला," बाई म्हणाल्या. "कल्हईवाल्याचं मी बघून घेईन. हंडा मी पास केला आणि रसही मीच. हिने नको म्हटलं होतं. हिला मी गप्प बसवलं."

मुख्याध्यापिका बोलल्या. बऱ्याच बोलल्या, आणि एकही शब्द अनाठायी नव्हता. बाईंनी तो सगळा मार उभ्याने खाल्ला. लग्नानंतर त्यांना असं कुणी बोललं नव्हतं. मान ताठ ठेवून ऐकायचं की खाली घालून, हेही त्यांना ठरवता येईना, म्हणून त्या मास्तरांच्या बुटांकडे बघत राहिल्या.

"आणि दुपारचं जेवण?" मुख्याध्यापिका शेवटी म्हणाल्या. "तेही तुमच्याकडूनच यायचंय ना? ते कुणी चाखलंय?"

"अजून कुणी नाही. स्टीलच्या भांड्यांत आहे, त्यात आंबट काही नाही. पण चाखलेलं नाही."

"मग मी ते मुलांना कसं देऊ?"

बाईंनी सुनेकडे वळून पाहिलं. "ही स्वयंपाकघरात जाईल. प्रत्येक भांड्यातलं ही चाखेल. ही हो म्हणाली तर गाडी निघेल, नाहीतर तुम्ही पोरांना घरी सोडा आणि पुन्हा आम्हाला दारात उभं करू नका."

"मी येतोय बरोबर," मुलगा म्हणाला.

"तू इथे ग्लास गोळा कर."

सून टेम्पोत आचाऱ्याशेजारी चढली. जाताना तिने सासूकडे पाहिलं, आणि बाईंनी या वेळी तो चेहरा नीट पाहिला. त्यात जिंकल्याचं काही नव्हतं. घाबरलेली होती. आता चुकली तर तिचं नाव लागणार होतं.

टेम्पो गेला. मास्तरांनी डोळे उघडले. "आजी, बसा जरा," म्हणाले. बाई बसल्या नाहीत. पोरं शाळेच्या पायऱ्यांवर सावलीत ओळीने बसवली होती, भुकेलेली, चुळबुळणारी. मुख्याध्यापिका फाटकाशी उभ्या होत्या, घड्याळ बघत. वेळ जाता जात नव्हता.

बाईंचा फोन वाजला.

"आई," सुनेचा आवाज. मागे भांड्यांचा खणखणाट. "भात ठीक आहे. बटाट्याच्या भाजीत मीठ कमी आहे. मी सांगतेय, पण आचारी ऐकत नाहीत. म्हणतात, बाईंच्या मुठीच्या मापाने घातलंय, बाईंच्या मापाला हात लावणार नाही. काय करू?"

बाईंच्या जिभेच्या टोकावर आलं, माझं माप कधी चुकत नाही. खरंच चुकत नव्हतं. ताप येण्याआधी तरी चुकत नव्हतं. त्यांनी पायऱ्यांवरच्या पोरांकडे पाहिलं.

"फोन दे त्याला."

"बाई," आचारी म्हणाला, "तुमच्या मुठीने..."

"माझी मूठ म्हातारी झाली, गाढवा! ती कमी म्हणते तर कमी. जास्त म्हणाली तर पातेलं परत चुलीवर चढव, आणि फेक म्हणाली तर फेकून ये आणि मग मला कळव. भुवया वर करायच्या नाहीत. इथे पोरं उपाशी बसलीत. टाक मीठ आणि चमचा तिच्या हातात दे."